विश्वासाची टक्केवारी

ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने एक परिपत्रक काढले. बास्केटबॉल खेळणारा एखादा विद्यार्थी एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आपली किंमत काय होते हे अजमावून पाहणार असेल आणि जमले नाही तर वर्गात परतण्याची वाट मोकळी ठेवणार असेल, तर त्याचा एजंट कोण असू शकतो याच्या अटी त्यात होत्या. एजंटकडे पदवी हवी, खेळाडू संघटनेचे प्रमाणपत्र सलग तीन वर्षे असायला हवे, व्यावसायिक दायित्वाचा विमा हवा आणि इंडियानापोलिसच्या मुख्यालयात स्वतः येऊन परीक्षा द्यायला हवी. सरसरी वाचले तर त्यात वावगे काही दिसत नव्हते. पण एनबीएचा सर्वांत मोठा तारा लेब्रॉन जेम्सने समाजमाध्यमावर लगेच त्या नियमाचे बारसे करून टाकले : ‘रिच पॉल नियम’.

बास्केटबॉलच्या जगात तेव्हा सर्वाधिक चर्चा ज्या एजंटची होती ते रिच पॉल क्लीव्हलँडचे, कृष्णवर्णीय आणि पदवी नसलेले. त्यांच्या क्लच स्पोर्ट्स या कंपनीने सप्टेंबर २०१८ मध्ये अँथनी डेव्हिस या अव्वल खेळाडूचे काम हाती घेतले, जानेवारीत त्याला न्यू ऑर्लिन्सचा संघ सोडायचा आहे हे जाहीर केले आणि उन्हाळ्यात तो लॉस एंजेलिस लेकर्स संघात पोहोचलाही. बाजार हलायचा तो संघमालकांच्या सोयीने, हा आजवरचा शिरस्ता. इथे तो खेळाडूच्या सोयीने हलला होता. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत पदवीची अट आली. आम्ही शिक्षणसंस्थांची संघटना आहोत आणि पदवीला मोल देतो, असे एनसीएएचे म्हणणे होते. १२ ऑगस्टला पॉल यांनी लेख लिहून उत्तर दिले. तीन वर्षांच्या अनुभवाची अट त्यांना मान्य होती आणि परीक्षेलाही त्यांची हरकत नव्हती; आक्षेप होता तो पदवीच्या अटीला, आणि तोही स्वतःसाठी नव्हे, तर आपल्यासारख्या वस्तीतून या धंद्यात येऊ पाहणाऱ्या पुढच्या मुलांसाठी. त्याच दिवशी एनसीएएने माघार घेतली : संघटनेचे प्रमाणपत्र चालू असेल तर पदवी नसली तरी चालेल.

पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावणाऱ्या घरात मी वाढलो. एजंटला पदवी हवी या अपेक्षेत अन्याय कुठे आहे, हे अशा घरात समजावून सांगावे लागते, याची मला कल्पना आहे. परंतु गुणवत्तेचा वाद ज्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तिथल्या वाचकाला एक गोष्ट चटकन उमगेल. एखादी अट योग्य की अयोग्य हे नुसते तिच्या मजकुरावरून ठरत नाही. इतकी वर्षे तिची गरज का भासली नाही आणि नेमकी आजच का भासली, हेही विचारावे लागते. खेळाडू एनबीएत पोहोचल्यावर त्याचे कोट्यवधींचे व्यवहार पॉल करू शकत होते, मात्र पोहोचण्याआधी त्याला सल्ला देण्यास ते अपात्र ठरणार होते. या विसंगतीचे समाधानकारक उत्तर मला त्या परिपत्रकात सापडले नाही.

पॉल यांची गोष्ट अमेरिकेत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती आता दंतकथेसारखी वाटते. क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल भागात त्यांच्या वडिलांचे कोपऱ्यावरचे दुकान होते. पुढे पॉल जुन्या काळच्या खेळाडूंच्या जर्सी मोटारीच्या डिकीत ठेवून विकू लागले. २००२ मध्ये अ‍ॅक्रन-कँटन विमानतळावर, अटलांटाच्या विमानाची वाट पाहत असताना, शाळकरी लेब्रॉनची नजर त्यांच्या अंगातल्या जर्सीवर गेली आणि ओळख झाली. नोकरीनिमित्त ईशान्य ओहायोत राहत असताना त्या विमानतळावरून माझे जाणे-येणे होई. तो आटोपशीर, शांत विमानतळ आहे आणि तिथे अनोळखी माणसाशी बोलणे सुरू होणे मुळीच अवघड नाही. ती भेट म्हणजे निव्वळ नशीब, असे तिथले लोक म्हणत. मला त्या गोष्टीत भेटीपेक्षा जर्सी महत्त्वाची वाटत आली आहे. ती ह्यूस्टन ऑइलर्सच्या वॉरन मूनची होती.

वॉरन मून क्वार्टरबॅक होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये डाव कोणता टाकायचा आणि चेंडू कोणाकडे द्यायचा हे ऐन वेळी ठरवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. संघाचे डोकेच म्हणा. जानेवारी १९७८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल हा महाविद्यालयीन फुटबॉलचा मानाचा सामना जिंकून देऊनही त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या एकाही संघाने मूनला निवडले नाही. त्याने जागा बदलावी, धावण्याची किंवा झेल घेण्याची जागा घ्यावी, असा सूर होता. कृष्णवर्णीय मुलाने पळावे, झेपावे, आदळावे; विचार करण्याचे काम इतरांनी करावे, अशी ती न लिहिलेली वाटणी होती. मून कॅनडात गेला, एडमंटनच्या संघाकडून सलग पाच वर्षे तिथल्या विजेतेपदाचा ग्रे कप जिंकला, तेव्हा कुठे १९८४ मध्ये एनएफएलचे दार त्याच्यासाठी उघडले. २००६ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेलेला तो आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला.

क्वार्टरबॅकची जागा आणि एजंटची खुर्ची यांचा इतिहास मला एकाच धाग्याचा दिसतो. दोन्ही कामांत अंगबळाला दुय्यम स्थान आहे. दुसऱ्याने आपले भवितव्य तुमच्या निर्णयबुद्धीवर सोपवायचे असते. एनबीएत आज दहांपैकी सातांहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत आणि एनएफएलमध्ये निम्म्याहून अधिक. या खेळाडूंच्या शरीरावर अमेरिकेने भरवसा ठेवून पिढ्या लोटल्या. त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने करारपत्रावरील आकडे ठरवावेत, एवढा भरवसा मात्र फार उशिरा आला आणि अजूनही हातचा राखूनच दिला जातो.

आपल्याकडे खेळाडूचा एजंट म्हटले की जाहिराती डोळ्यांपुढे येतात. १९९५ मध्ये मार्क मस्करेन्हस यांच्या वर्ल्डटेलने सचिन तेंडुलकरशी पाच वर्षांचा कोट्यवधींचा करार केला, तेव्हा मराठी घरांत हा शब्द पहिल्यांदा कौतुकाने उच्चारला गेला असावा. त्या कराराचा सचिनच्या सामन्यांच्या मानधनाशी संबंध नव्हता. अमेरिकेत एजंट जाहिराती आणतोच, पण त्याचे मुख्य काम संघाशी पगाराची बोलणी करणे हे असते. किती वर्षांचा करार, त्यातली हमीची रक्कम किती, दुखापत झाली तर काय, खेळाडूला परस्पर दुसऱ्या संघाकडे पाठवता येईल की नाही, हे सगळे तो ठरवतो. त्याबद्दल एनबीएत जास्तीत जास्त ४ टक्के आणि एनएफएलमध्ये जास्तीत जास्त ३ टक्के मोबदला मिळतो, आणि ही मर्यादा खेळाडूंच्या संघटनांनी घातलेली आहे.

या व्यवसायाला अर्थ आला तोच मुळी एका कृष्णवर्णीय खेळाडूच्या हट्टानंतर. १९६९ मध्ये सेंट लुइसच्या बेसबॉल संघाने कर्ट फ्लडला त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे त्याने आयुक्तांना लिहून कळवले आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला आणि तोवर त्याची कारकीर्दही संपलेली होती. पण पुढे १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि करार संपल्यावर खेळाडू मोकळा होऊ लागला. खेळाडूला दुसरीकडे जाण्याची मुभाच नव्हती तोवर बोलणी करणाऱ्या माणसाला काय किंमत असणार? ती मुभा मिळाली आणि एजंटांचे युग सुरू झाले. त्याचे मोठे लाभार्थी बहुतांशी गोरे वकील होते. त्यांच्यात बुद्धिमान आणि सचोटीची माणसे होती, हे नाकारण्याचे कारण नाही. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडून बास्केटबॉलचे विजेतेपद मिळवून पुढे वकील झालेले फ्रेड स्लॉटर यांच्यासारखे कृष्णवर्णीय एजंटही सुरुवातीपासून होते, परंतु त्यांच्याकडे लोक अपवाद म्हणूनच पाहत राहिले.

यूजीन पार्कर यांच्याविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण रिच पॉल यांच्या झगमगाटात हे नाव मागे पडते. ते इंडियानातल्या फोर्ट वेनचे. परड्यू विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळले, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडलेही गेले, पण वकिलीकडे वळले. त्यांच्याच गावचा फुटबॉलपटू रॉड वुडसन त्यांचा अशील होता. पुढे डीऑन सँडर्स आणि लॅरी फिट्झगेराल्ड आले. १९९५ मध्ये सँडर्ससाठी त्यांनी डॅलसच्या संघाशी सात वर्षांचा ३.५ कोटी डॉलरचा करार केला. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर वार्षिक मर्यादा असते. पार्कर यांनी सहीच्या वेळी मिळणारी रक्कम सुमारे १.३ कोटी डॉलर इतकी मोठी ठेवली आणि सुरुवातीच्या वर्षांचा पगार मुद्दाम अगदी कमी दाखवला, त्यामुळे खेळाडूला पैसा आधी मिळाला आणि संघाच्या हिशेबात तो पुढच्या वर्षांवर विभागला गेला. अशा रचनेला आळा घालण्यासाठी लीगला पुढे नियम बदलावा लागला. पार्कर यांनी केलेले हे काम पाहावे आणि कृष्णवर्णीय एजंटला ‘आकडेमोड झेपेल का’ अशी कुजबुज त्या काळात होत असे हे आठवावे, म्हणजे पूर्वग्रहाला पुराव्याने फारसा फरक पडत नाही हे लक्षात येते. २०१६ मध्ये, वयाच्या साठीत, त्यांचे निधन झाले.

आता पैशाकडे येऊ, कारण वर्णाचा प्रश्न पुष्कळदा भांडवलाच्या रूपाने समोर उभा राहतो. एनएफएलमध्ये एजंट व्हायचे तर पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण, किंवा बोलणी करण्याचा सात वर्षांचा अनुभव लागतो. अर्जाचे अडीच हजार डॉलर भरावे लागतात, परीक्षा द्यावी लागते आणि तीन वर्षांत किमान एक करार पदरात पडला नाही तर प्रमाणपत्र जाते. ही झाली कागदावरची किंमत. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. ड्राफ्टच्या आधी काही आठवडे खेळाडूला फ्लोरिडा, ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियातल्या प्रशिक्षण केंद्रात ठेवावे लागते आणि तिथले शुल्क, घरभाडे, आहार, वाहन हे सगळे प्रथेप्रमाणे एजंट भरतो. मोठी कंपनी असे डझनभर खेळाडू एका वेळी सांभाळते. त्यांतले दोन जरी चमकले तरी तिचा हिशेब जुळतो. एकट्या एजंटने एका मुलावर कर्ज काढून खर्च केला आणि तो मुलगा हंगामाआधीच संघातून वगळला गेला, तर सगळे पैसे बुडाले.

तो टिकला तरी काय मिळते हे पाहू. २०२५ मध्ये नवख्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार ८,४०,००० डॉलर होता. त्याचे ३ टक्के म्हणजे २५,२०० डॉलर. आणि करारपत्रात आता आधीपासून छापलेला दर दीड टक्क्याचा असल्याने प्रत्यक्षात बहुधा त्याच्याही निम्मे. २०११ पासून नवोदितांचे पगार ड्राफ्टमधल्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेलेच असतात, म्हणजे एजंटला आपले कौशल्य दाखवायलाही पहिल्या कराराच्या वेळी जागा नसते. खरी कमाई दुसऱ्या कराराची, तीन-चार वर्षांनंतरची, आणि तोवर मोठ्या कंपन्या त्या खेळाडूला गळाला लावायला येऊन उभ्या असतात. इतकी वर्षे कळ काढायची तर घरचा पैसा लागतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर होती आणि मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००. सहापटीहून अधिक असलेली ही दरी कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नाही, परंतु दोघांनी एकच अर्ज भरला आणि एकच परीक्षा दिली तरी त्यांतला कोण चौथ्या वर्षी धंद्यात असेल, हे बऱ्याच अंशी तीच ठरवते.

पण पैशाचे कारण पुरेसे नाही, हे मला पहिल्यांदा कळले ते ओहायोतल्या एका सहकाऱ्यामुळे. ते कृष्णवर्णीय होते आणि त्यांचा भाचा शाळेच्या संघातून फुटबॉल खेळत असे. जेवणाच्या सुट्टीत एकदा एजंटांचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी त्यांच्या समाजात चालत आलेली एक म्हण सांगितली : गोऱ्याच्या दुकानातला बर्फ जास्त थंड असतो. ती सांगताना ते हसले, पण त्या हसण्यात चीड होती. वस्तू तीच, भाव तोच, तरी रस्ता ओलांडून गोऱ्याकडे जायचे, ही सवय गुलामगिरीने आणि नंतरच्या विभक्तीकरणाने लावलेली. उंबऱ्यावर कोट्यवधी डॉलर उभे असताना घरातली मोठी माणसे मुलाला म्हणतात की गोऱ्या मालकाशी बोलायला गोरा वकीलच बरा, त्याचे ऐकतील. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नसते, आणि म्हणूनच ते अधिक बोचते. ज्या टेबलापलीकडे जवळजवळ सगळे गोरेच बसलेले असतात, तिथे कोणाचा शब्द चालतो याचा अनुभव या कुटुंबांनी बँकेत, शाळेत आणि न्यायालयात घेतलेला असतो.

मुख्य प्रशिक्षकांच्या जागी कृष्णवर्णीय किंवा अन्य अल्पसंख्य उमेदवाराची निदान मुलाखत घेतली जावी यासाठी एनएफएलने २००३ मध्ये ‘रूनी नियम’ आणला. त्याचा उपयोग किती झाला हा वेगळा विषय आहे. एजंटांच्या बाबतीत तसा नियम करताच येत नाही, कारण एजंटला नेमतो तो खेळाडू, आणि त्याने कोणावर भरवसा ठेवावा हे कोणी फर्मान काढून सांगू शकत नाही. सांगूही नये.

गोऱ्या एजन्सींना मात्र कृष्णवर्णीय माणसांची गरज नेहमीच लागली, ती दाराबाहेरच्या कामासाठी. खेळाडूच्या आईशी, मामाशी, वस्तीतल्या प्रशिक्षकाशी ओळख काढणारी, सामन्यांना हजर राहणारी, रात्रीबेरात्री फोन उचलणारी तरुण मुले या धंद्यात ‘रनर’ म्हणून ओळखली जातात. खेळाडूचा विश्वास ती कमावतात आणि करारावर सही मालकाची होते. मिशिगनमधल्या सॅगिनॉचा ख्रिश्चन डॉकिन्स हा असाच एक तरुण. त्याला स्वतःची एजन्सी काढायची होती. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने महाविद्यालयीन बास्केटबॉलमधल्या लाचखोरीची प्रकरणे उघड केली, तेव्हा तो त्यांच्या केंद्रस्थानी सापडला, दोनदा दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. त्याने कायदा मोडला नाही असे मी म्हणत नाही. पण त्या वेळी अटक झालेले चारही सहायक प्रशिक्षक कृष्णवर्णीय होते, एकाही मुख्य प्रशिक्षकावर फौजदारी खटला झाला नाही, आणि डॉकिन्स ज्या एजन्सीसाठी राबत होता तिच्या मालकाने प्रमाणपत्र परत केले एवढ्यावरच ते भागले. या प्रकरणानंतर माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, त्याने २०१८ च्या एप्रिलमध्ये शिफारशी केल्या, आणि त्या शिफारशींतूनच २०१९ चे ते परिपत्रक निघाले.

एकाचा गुन्हा सगळ्यांच्या खाती मांडला जाण्याचे सर्वांत मोठे उदाहरण टँक ब्लॅक यांचे. १९९० च्या दशकात साउथ कॅरोलायनामधल्या या कृष्णवर्णीय एजंटकडे नामवंत खेळाडू होते. त्यांनी त्यांचे लक्षावधी डॉलर बुडवले आणि शिक्षा भोगली. हा अक्षम्य विश्वासघात होता. त्यानंतर कितीतरी वर्षे प्रतिस्पर्धी एजंट नव्या मुलांच्या घरी जाऊन हेच नाव पुढे करत, आणि ज्यांचा ब्लॅक यांच्याशी काडीचा संबंध नव्हता अशा एजंटांना त्याचा जाब द्यावा लागे. आता वॉरन मूनचे एजंट ली स्टाइनबर्ग यांच्याकडे पाहा. ते गोरे, अत्यंत यशस्वी, आणि कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकांना योग्य मोल मिळावे म्हणून खरोखर झगडलेले गृहस्थ. पुढे दारूच्या आहारी गेले, कंपनी फुटली, २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्यांनी हे सारे उघडपणे कबूल केले, प्रमाणपत्र परत मिळवले आणि पॅट्रिक महोम्ससारखा खेळाडू त्यांच्या कंपनीकडे आला. त्यांच्या पुनरागमनाचा मला आनंदच आहे. स्टाइनबर्ग पडले तेव्हा ते एकटे पडले. गोऱ्या एजंटांवर भरवसा ठेवावा का, असा प्रश्न त्या निमित्ताने कोणी विचारला नाही. पडण्याची आणि पुन्हा उभे राहण्याची ही वैयक्तिक मुभा मला सगळ्या सवलतींमध्ये मोठी वाटते.

यशस्वी झाल्यावरही बोलण्याचा सूर बदलत नाही. लेब्रॉनने २००५ मध्ये आपले पहिले एजंट अ‍ॅरन गुडविन यांना सोडले आणि मॅव्हरिक कार्टर, रँडी मिम्स आणि रिच पॉल या मित्रांना घेऊन स्वतःची कंपनी काढली, तेव्हा पोरखेळ म्हणून त्याची टर उडवली गेली. (गुडविन हेही कृष्णवर्णीय होते आणि त्यांनीच नायकेशी सुमारे ९ कोटी डॉलरचा करार मिळवून दिला होता, हे त्या गदारोळात विसरले गेले.) पॉल यांनी एका मोठ्या एजन्सीत उमेदवारी केली आणि २०१२ मध्ये स्वतंत्र कंपनी काढली. इतके होऊनही २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये बास्केटबॉलचे नामांकित माजी प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी या मंडळींचा उल्लेख टोळके अशा अर्थाच्या शब्दाने केला. महाविद्यालयातल्या गोऱ्या मित्रांनी मिळून कंपनी काढली की त्यांना संस्थापक म्हणतात, हा लेब्रॉनच्या संतापाचा मथितार्थ मला तरी पटतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, सुपर बोल या एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या इतिहासात प्रथमच, दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते. एकीकडे कॅन्सस सिटीचा महोम्स आणि दुसरीकडे फिलाडेल्फियाचा जेलन हर्ट्‌स, ज्याच्या एजंट होत्या निकोल लिन. टल्सा इथे गरिबीत वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या लिन यांनी २०१९ मध्ये क्विनन विल्यम्सचे काम केले होते. तो ड्राफ्टमध्ये तिसरा आला आणि इतक्या वरच्या क्रमांकाच्या खेळाडूचे प्रतिनिधित्व करणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. फिलाडेल्फिया तो सामना ३८-३५ असा हरली. एप्रिलमध्ये लिन यांनी हर्ट्‌ससाठी पाच वर्षांचा २५.५ कोटी डॉलरचा करार केला. वार्षिक सरासरीने तो तोवरचा एनएफएलमधला सर्वांत मोठा करार होता, आणि खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे देता येणार नाही असे कलम त्या संघाच्या इतिहासात प्रथमच त्यात आले. मला आकड्यापेक्षा ते कलम मोठे वाटते. कर्ट फ्लडने जे मागितले होते ते जवळजवळ हेच होते.

त्याच महिन्यात, दहा दिवसांनी, बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनने २६ कोटी डॉलरचा करार केला आणि तोही एजंटविना, आईच्या साथीने. त्याची बोलणी रखडली होती तेव्हा अनेक तज्ज्ञांनी त्याच्या अडाणीपणाची कीव केली होती. करार झाल्यावर ती मंडळी गप्प झाली. माझ्या दृष्टीने ही घटना कृष्णवर्णीय एजंटांसाठी दुधारी आहे. खेळाडूला आपल्या घरच्या माणसांच्या शहाणपणावर भरवसा वाटू लागला ही चांगली गोष्ट, पण हा भरवसा कृष्णवर्णीय एजंटला मिळण्याऐवजी त्याला वगळूनच पुढे गेला.

मोठ्या कंपन्यांचा प्रश्नही शिल्लक आहे. २०१९ मध्ये युनायटेड टॅलेंट एजन्सी या हॉलिवूडच्या बड्या एजन्सीने पॉल यांच्या क्लचमध्ये भागीदारी घेतली. स्टीव्ह नॅश आणि याओ मिंग या खेळाडूंचे काम पाहणारे बिल डफी हे बास्केटबॉलमधले सर्वांत आदरणीय कृष्णवर्णीय एजंट. त्यांची कंपनी २०२२ मध्ये डब्ल्यूएमई या बड्या एजन्सीने घेतली. रॅप गायक जे-झी यांनी २०१३ मध्ये रॉक नेशन स्पोर्ट्सची सुरुवात केली तीही सीएए या बड्या एजन्सीला सोबत घेऊन. यात कोणाला दोष देता येणार नाही; भांडवल जिथे आहे तिथेच हात मिळवावे लागतात, आणि हे सर्व जण आपल्या अटींवर तिथे गेले. तरीही दारावरची पाटी आणि हिशेबाची वही यांचे मालक एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. ‘मी तुझ्यातलाच आहे’ हे वाक्य विक्रीचे साधनही होऊ शकते, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने केवळ वर्ण पाहून एजंट निवडावा असे मला वाटत नाही. त्याने कामाची पारख करावी. माझी तक्रार एवढीच आहे की कृष्णवर्णीय एजंट त्या पारखीपर्यंत पोहोचण्याआधीच गाळला जातो.

बेसबॉलचे चित्र निराळे आहे. तिथे आता अमेरिकन कृष्णवर्णीय खेळाडूच जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास उरले आहेत, त्यामुळे एजंटांचा प्रश्न तिथवर पोहोचतच नाही.

खरी उलथापालथ महाविद्यालयांत चालू आहे. १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरून पैसे मिळवता येऊ लागले आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे एकेक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी डॉलरपर्यंत थेट वाटू शकते. या मुलांची संघटना नाही, त्यामुळे एजंटच्या मोबदल्यावर ३ किंवा ४ टक्क्यांची मर्यादा घालणारे कोणी नाही. पदवीची अट नाही. ज्या एनसीएएने २०१९ मध्ये इंडियानापोलिसला येऊन परीक्षा द्या म्हटले होते, तिने या नव्या एजंटांसाठी नोंदवही उघडली आहे, पण तीत नाव घालणे ऐच्छिक आहे. प्रवेश स्वस्त असल्यामुळे अनेक तरुण कृष्णवर्णीय वकील, माजी खेळाडू आणि एकेकाळचे रनर इथे स्वतःच्या नावाने उतरले आहेत. त्यांच्या बरोबरीने लुटारूही उतरले आहेत, आणि बड्या एजन्सींनी आपापले स्वतंत्र विभाग थाटले आहेत. एखादा मोठा घोटाळा होईल, पुन्हा आयोग बसेल आणि पुन्हा पात्रतेच्या अटी लिहिल्या जातील, याविषयी मला शंका नाही. त्या वेळी मसुदा लिहिणाऱ्यांमध्ये निकोल लिन किंवा रिच पॉल यांच्यापैकी कोणाला बोलावले जाते का, हे मी पाहणार आहे.